दुसऱ्या दिवसाची तयारी

पेण

चि. भाचेबुवांस,

ताईचा फोन आला होता. तीन दिवसांच्या सायकल शर्यतीत तू नाव घातलंस हे कळलं, आणि ‘पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवून देतो’ असं घरभर सांगत सुटला आहेस, हेही कळलं. नाव घातलंस याचा आनंद आहे. दाखवून देण्याबद्दल मात्र थोडं बोलायचंय. फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटलं की मुंबई-पुणे आठवते. बोरघाट सर्वांत आधी चढेल तो ‘घाटाचा राजा’. एका दिवसात निकाल, त्यामुळे अंगात असेल नसेल ते सगळं ओतलं तरी चालतं; दुसऱ्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून झोपायला कोणाची ना नसते. तुझी शर्यत मात्र टप्प्यांची. तीत रोजच्या वेळेची बेरीज होते आणि जिची बेरीज सर्वांत कमी, ती स्वारी विजेती. म्हणून एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने 1990 ची टूर द फ्रान्स तशीच जिंकली. त्याआधीच्या वर्षी, 1989 मध्ये, सव्वातीन हजार किलोमीटरहून जास्त सायकल मारून झाल्यावर त्याच्यात आणि प्रतिस्पर्धी लॉराँ फिन्योंमध्ये फरक राहिला होता फक्त 8 सेकंदांचा. पाणी प्यायला रेंगाळलास तरी तेवढे जातात.

आणखी एक नियम नीट समजून घे. घोळक्यात एकत्र शेवटची रेघ ओलांडणाऱ्यांना एकच वेळ मिळते, मग तू पाचवा असलास काय नि चाळिसावा असलास काय. पण घोळका तुटला, पुढच्या सायकलीशी फट पडली, की तुझी वेळ वेगळी. तेव्हा तुला चाळिसावा येण्याची लाज नको, फट पडण्याची धास्ती हवी. शेवटच्या पाच किलोमीटरला पुढच्याचं चाक सोडायचं नाही. मागच्या चाकाला वारा कमी लागतो, जोर बराच वाचतो, हे तुला माहीतच आहे. आडव्या वाऱ्यात मात्र थेट मागे राहून भागत नाही, पुढच्याच्या आडोशाला बाजूला, तिरकं सरकावं लागतं. त्याची सवय करायला तुला लांब जायला नको. दुपारी वडखळहून धरमतरच्या पुलाकडे जा. खारेपाटात झाड नाही, घर नाही, खाडीवरचा वारा बाजूने असा लोटतो की हँडल दोन्ही हातांनी धरावं लागतं. दोघा-तिघांना बरोबर घे. एकट्याने गेलास तर आडोसा कोणाचा घेणार?

आता मला मुख्यतः जे सांगायचंय ते. टप्प्यांची शर्यत संध्याकाळी हरली जाते. जोर लावून सायकल मारली की स्नायूंत साठवलेली साखर, ज्याला ग्लायकोजेन म्हणतात, दीड-दोन तासांत तळाला जाते. ती पुन्हा भरायला साधारण चोवीस तास लागतात, आणि तेही भरपूर भात-पोळी पोटात गेली तर. टप्पा संपवून तू फोटो काढत, इतरांच्या सायकलींची चाकं निरखत तास-दीड तास उन्हात उभा राहिलास, तर ते चोवीस तास तिथेच खर्ची पडायला लागतात. रेघ ओलांडलीस की पहिल्या अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलं पाहिजे: केळी, भाताची पेज, मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत. मग आंघोळ, जेवण, पाय वर करून पडणं. आपल्या हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडूची मूर्ती पुरती वाळल्याशिवाय कोणी रंगाचा ब्रश उचलत नाही. घाई करणाऱ्याचा रंग पुढे सोलून निघतो. तुझ्या पायांचंही तसंच आहे.

यातून ‘हळू जा म्हणजे झालं’ असा सोयीचा अर्थ काढू नकोस. नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2018 मध्ये रशियात ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम या शर्यतीत उतरले होते. मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9 हजार किलोमीटरहून जास्त अंतर, 15 टप्पे. पुढचा टप्पा ठरल्या वेळी सुटायचा. म्हणजे जो आज उशिरा पोहोचला, त्याची झोप तेवढी कापली गेली. झोप कापली की उद्या आणखी उशीर. हळू जाण्याचाही दंड असतोच. पेशाने डॉक्टर असलेला माणूस ती शर्यत पूर्ण करून आला, यात मला त्यांच्या मांड्यांपेक्षा त्यांच्या हिशेबाचं जास्त कौतुक वाटतं. तुझी शर्यत त्यापुढे किरकोळ, पण हिशेब तोच. चढावर बोलता येईल इतपत दम राखायचा, सपाटीला घोळक्यात लपायचं, आणि लवकर पोहोचून लवकर आडवं व्हायचं.

2026 च्या जानेवारीत पुण्यात पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल महासंघाच्या, कॅलेंडरवरची शर्यत, आधी प्रोलॉग म्हणजे छोटी सलामीची फेरी आणि मग चार टप्पे, मिळून चारशेहून जास्त किलोमीटर. परदेशी संघ आपल्या सह्याद्रीत येऊन सायकल मारून गेले. तुझ्या डोक्यात हे खूळ तिथूनच शिरलं असणार. बरं झालं.

तू सराव करतोस तो एकाच दिवसाचा. रविवारी शंभर किलोमीटर, सोमवारी विश्रांती. शर्यतीत सोमवार नसतो. म्हणून माझं ऐक: शनिवारी पहाटे रोह्याहून निघ, भिसे खिंड चढून नागोठणं, तिथून वडखळवरून पेण. हायवेवर ट्रेलरची वर्दळ वाढायच्या आत पोहोच, आणि मागचा लाल दिवा दिवसाही लावून ठेव. दुपारी खोपोली रस्त्याला थोडी चक्कर मारून ये. रात्री आमच्याकडे जेव, नऊला झोप. रविवारी उठशील तेव्हा जिना उतरताना मांड्या बोंब मारतील. तशा मांड्यांनी परत रोह्याला जायचं, आणि भिसे खिंडीत वेळ लावून बघायची. शनिवारच्या वेळेत नि रविवारच्या वेळेत किती फरक पडतो, तो आकडा मला कळव. तुझ्या त्या महागड्या घड्याळात हृदयाचे ठोके, वॅट, उंची सगळं दिसतं म्हणे. मला एवढा एकच आकडा हवाय.

येतोस ना या शनिवारी? मामी विचारत होती, पोह्याचे पापड तळू की भाजू. भाजायला सांगितलेत.

तुझा,
मामा