शंकासमाधान : प्रसूतीपूर्व तयारी आणि आचार

शंका : गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यात झबली, दुपटी, पाळणा अशी बाळाची खरेदी आधी करून ठेवल्यास अपशकुन होतो, असे वडीलधारी मंडळी सांगतात. यास शास्त्राधार आहे काय?

समाधान : आधार नाही, उलट प्राचीन ग्रंथांची आज्ञा आधी तयारी करून ठेवावी अशीच आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात, नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार, म्हणजे बाळंतिणीची स्वतंत्र खोली, सिद्ध करावी असे सांगितले असून तिथे कोणत्या वस्तू आधीपासून हाताशी असाव्यात याची भली मोठी यादीच दिली आहे. तूप, तेल, मध, सैंधव, पिंपळी, हिंग, धारदार हत्यारे, सरपण आणि बेलाच्या लाकडाच्या दोन खाटा इतक्या बारकाईने ती यादी जाते. वस्तूंपाशीच ती थांबत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्रसूतीच्या वेळी जवळ असणाऱ्या स्त्रिया अनेकदा बाळंत झालेल्या, प्रसंगी काय करावे हे चटकन उमगणाऱ्या, मायाळू, खचून न जाणाऱ्या, कष्ट सोसणाऱ्या आणि ‘अभिमत’, म्हणजे गर्भिणीला स्वतःला हव्याशा वाटणाऱ्या असाव्यात, असे ग्रंथकार म्हणतो. आज रुग्णालयात सोबत कोणी राहावे याचा निर्णय बहुतेक घरांत मान, नाते आणि सासर-माहेर यांच्या तोलातून होतो, आणि जिला कळा सोसायच्या तिलाच विचारायचे राहून जाते. तेव्हा नवव्या महिन्यात करण्याच्या तयारीत पहिले स्थान या विचारण्याला दिले पाहिजे.

मग अपशकुनाची समजूत आली कुठून, असा प्रश्न उरतो. ज्या काळी घरोघर तान्ही मुले दगावत, त्या काळी रिकाम्या झबल्याकडे पाहत बसण्याचे दुःख टाळण्यासाठी ही रीत पडली असावी, असा तर्क करता येतो. ती सांगणाऱ्या आजीच्या मनात भीती असते आणि त्या भीतीमागे माया असते, म्हणून तिची थट्टा करणे योग्य नव्हे. पाळणा बारशालाच टांगावा, रिकामा पाळणा हलवू नये, एवढे पाळून कोणाच्या जिवाला स्वस्थता लाभत असेल तर ते पाळावे, कारण त्यात कोणाचे नुकसान नाही. मात्र जुन्या सुती लुगड्यांची दुपटी आणि लंगोट उकळून, कडक उन्हात वाळवून, घडी घालून ठेवणे पुढे ढकलू नये. बाळाला पहिले कपडे जुन्या कापडाचे घालण्याची आपली रीत फार शहाणपणाची आहे, कारण अनेकदा धुतलेले सूत नव्या कापडापेक्षा मऊ असते आणि ओल चांगली टिपते. तपासण्यांचे कागद, माता व बालसंरक्षण कार्ड आणि रक्तगटाची नोंद एकाच पिशवीत असावी. रात्री-अपरात्री कोणाचे वाहन मिळेल हे आधी ठरवावे, आणि 102 व 108 हे रुग्णवाहिकेचे क्रमांक घरातील प्रत्येकाला ठाऊक असावेत.

शंका : शस्त्रक्रियेने प्रसूती होणार हे ठरलेले असल्यास उत्तम ग्रहयोगाचा मुहूर्त पाहून वेळ निश्चित करावी काय?

समाधान : मुहूर्तशास्त्र संस्कारांसाठी आहे. गर्भाधान, नामकरण, उपनयन, विवाह अशा माणसाने आरंभावयाच्या कर्मांना मुहूर्त पाहतात. जन्माची वेळ मात्र परंपरा प्रारब्धाधीन, म्हणजे पूर्वकर्माच्या फळानुसार ठरणारी, मानत आली आहे आणि पत्रिका ती वेळ टिपते, घडवीत नाही. वैद्यकाचे म्हणणेही येथे स्पष्ट आहे. खास कारण नसताना 39 आठवडे पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया केल्यास बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव वाढतो. डॉक्टरांनी सुचविलेल्या दिवसांपैकी एखादा दिवस पंचांग पाहून निवडला तर त्यात दोष धरण्याचे कारण नाही, परंतु ग्रहांसाठी गर्भाचे दिवस कमी करणे, किंवा बाळाचे ठोके मंदावत असताना घटका मोजत थांबणे, हा अधर्मच होय.

शंका : नवव्या महिन्यात ग्रहण आल्यास गर्भवतीने उपाशी राहावे काय? भाजी चिरल्यास बाळाचा ओठ फाटतो, हे खरे काय?

समाधान : ग्रहणापूर्वीच्या ज्या काळात भोजन वर्ज्य मानतात त्याला वेध म्हणतात, आणि तो सूर्यग्रहणात चार प्रहरांचा, म्हणजे सुमारे 12 तासांचा, तर चंद्रग्रहणात तीन प्रहरांचा असतो. परंतु बालक, वृद्ध व आजारी यांच्यासाठी धर्मशास्त्राने हा काळ बराच कमी केला आहे आणि आपली पंचांगे गर्भवतीलाही त्यांच्याच बरोबरीने ही सवलत देतात. ती घेणे हे नियम मोडणे नसून नियम पाळणेच आहे. पाणी किंवा औषध तर कोणत्याही काळात बंद ठेवू नये. ओठाची भीती मात्र निखालस निराधार आहे. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात घडून पूर्ण होतो, त्यामुळे नवव्या महिन्यात विळीवर बसल्याने तो फाटणे शक्यच नाही. व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळाच्या आईला ‘ग्रहणात काय चिरलेस?’ असे विचारणाऱ्यांनी तिच्यावर केवढा अन्याय होतो याचा विचार करावा.

शंका : जातकर्मात बाळाला मध व तूप चाटविण्यास सांगितले आहे, पण डॉक्टर मनाई करतात. अशा वेळी काय करावे?

समाधान : जातकर्म म्हणजे जन्मानंतर लगेच करावयाचा संस्कार. आश्वलायन गृह्यसूत्रात सोन्याने मध-तूप चाटविण्याबरोबरच बाळाच्या कानाशी सोने धरून मेधाजननाचा, म्हणजे बुद्धीसाठीचा, मंत्र जपणे आणि त्याच्या खांद्यांना स्पर्श करून आयुष्य चिंतणे हेही सांगितले आहे. मधातील जंतुबीजांमुळे एक वर्षाच्या आतील बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून तेवढे चाटविणे सोडून उरलेले अंग श्रद्धेने करावे. जन्मतः जमले नाही तर ते नामकरणाच्या वेळी करण्याची रीत आहेच. येथे एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चरकाने जातकर्मानंतर लागलीच बाळाला आईचा उजवा स्तन द्यावा असे म्हटले आहे, तर आपल्याकडे अनेक घरांत चीक, म्हणजे पहिले दाट पिवळसर दूध, जड असते म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला दोन-तीन दिवस गुळाच्या पाण्यावर ठेवतात. त्या चिकातच रोगांशी झुंजणारी द्रव्ये सर्वांत अधिक असतात. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला आईजवळ घेऊन पाजावे, शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असली तरी शक्य तितक्या लवकर पाजावे, आणि ही गोष्ट घरातील आजीशी व रुग्णालयातील परिचारिकेशी नवव्या महिन्यातच बोलून ठेवावी, कारण ऐन वेळी थकलेल्या बाळंतिणीला कोणाशी वाद घालणे जमत नाही.