जागे राहण्याचे कर्तव्य

दुसऱ्याची वेदना आपल्याला घेता येत नसेल, तर जवळ राहण्याला अर्थ काय? लखनौला नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी दांपत्यापुढे हा प्रश्न उभा राहतो; पहिल्या बाळंतपणाला जायचे माहेर तेथून फार दूर असते. २०१६ साली केंद्र शासनाने सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीला एका स्त्रीस, आणि आडोसा राखला जात असेल तेथे पतीसही, परवानगी दिली. तरी दार उघडल्याने कर्तव्य संपत नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने शिष्यांना दुःख वाटून घेण्यास नव्हे, जागे राहण्यास सांगितले. म्हणून पतींनो, तपासणीस सोबत जा, कळांची लक्षणे समजून घ्या, रात्रीच्या वाहनाची सोय ठेवा. कळा सुरू झाल्यावर पाठ चोळा, धीर द्या, उपदेश टाळा. मात्र जवळ कोण हवे, हे तिलाच विचारा. तिने आईचे नाव घेतले, तर दाराबाहेर जागणे हीसुद्धा सोबतच होय.