योगदंडाचे लग्न

आमच्या सोलापुरात घड्याळापेक्षा नळाचा अधिकार मोठा. वर्षानुवर्षे येथे पाणी चार-पाच दिवसांआड आलेले आहे, आणि ते पहाटे येईल की मध्यरात्री याचा नेम नाही. ‘पाणी आलं’ अशी हाक गल्लीत उठली की झोप, जेवण, भांडण, देवपूजा, जे काही चालू असेल ते तसेच टाकून माणसे घागरी-बादल्यांकडे धावतात. अशा गावात एखाद्याने एकीकडे योगाभ्यासाचा आणि दुसरीकडे बागेचा नाद लावून घ्यावा, आणि त्यावर त्याच्या पदरी दोन लहान मुले असावीत, हा प्रकार प्रहसनाला शोभण्यासारखा आहे. तो गृहस्थ मीच असल्याने मला त्यातला विनोद जरा उशिराच कळला.

बाग म्हणजे गच्चीवरच्या चाळीसेक कुंड्या. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा, तुळस आणि कठड्यावर चढवलेला एक दोडक्याचा वेल. आमच्याकडची काळी माती ज्वारीला मानवते, कुंडीला नाही. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा. वाळू आणि शेणखत मिसळून तिला माणसांत आणावे लागते. वैशाखात पारा 43-44 अंशांवर गेला की जुन्या विटक्या चादरी बांबूंवर ताणून मी कुंड्यांवर सावली धरतो. सोलापुरी चादरीचा हा उपयोग विणणाऱ्याच्या मनात कधी आला नसेल. पण ऊन अडवण्यात ती कमी पडत नाही. पाणी मात्र मोजून घालायचे. तांदूळ धुतल्याचे मोगऱ्याला, भाजी धुतल्याचे वेलाला, आणि नळाचे पाणी केवळ तुळशीला.

योग माझ्याकडे पाठदुखीच्या रूपाने आला. कचेरीतल्या खुर्चीने दिलेले दुखणे आसनांनी घालवले, आणि दुखणे गेल्यावरही आसने राहिली. पहाटे साडेपाच ते सव्वासहा हा पाऊण तास माझा झाला. पुढे वाचनाची हौस म्हणून पतंजलींकडे वळलो. तेथे एक गंमत आढळली. जवळजवळ दोनशे सूत्रांच्या त्या ग्रंथात आसनाविषयीची सूत्रे अवघी तीन. अभ्यासाविषयी मात्र मोठी कडक अपेक्षा आहे. तो पुष्कळ काळ चालावा, मनापासून चालावा, आणि त्यात खंड पडू नये. पहिल्या दोन गोष्टी जमण्यासारख्या वाटल्या. तिसरीने माझे डोके फिरवले. लेकुरवाळ्या घरात खंड पडणार नाही अशी कोणती गोष्ट असते? मग मी सर्वांत सोपा उपाय केला. खोलीचे दार लावून घेऊ लागलो. त्या पाऊण तासात कोणी टकटक करायची नाही, हा घरचा नियम झाला. मुले नियम फार लवकर शिकतात, विशेषतः आपण पुन्हा कधी तपासून न पाहिलेले.

एका रविवारची गोष्ट. आदल्या रात्री दोन वाजता पाणी आले होते. पत्नी उठून चारपर्यंत भरत होती; मी तासभर हात लावून, ‘सकाळी बसायचं आहे’ म्हणून झोपलो होतो. पहाटे मी खोलीत गेलो तेव्हा ती आणि धाकटी मुलगी गाढ झोपेत होत्या. आठ वर्षांचा मुलगा जागा होता. बाबांना बरे वाटावे म्हणून तो गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालू लागला. मोगऱ्याची कुंडी कठड्यापासून ओढताना कलंडली आणि त्याच्या पायावर पडली. अंगठ्याचे नख निघाले. तो खाली आला, न्हाणीघरातला टॉवेल पायाला गुंडाळला, आणि माझ्या बंद दारासमोर बसून राहिला. मी सव्वासहाला दार उघडले तेव्हा टॉवेलवरचे रक्त वाळत आले होते.

“अरे, हाक का नाही मारलीस?”

“तुमचं योगा चालू होतं ना, बाबा.”

तो रडतही नव्हता. जखम पंधरा दिवसांत भरली, मुलांच्या जखमा भरतात तशी. माझ्या मनात राहिले ते दुसरेच. त्या दिवशी माझा प्राणायाम फार उत्तम झाला होता. श्वास इतका संथ, मन इतके निवांत, की दार उघडताना मी स्वतःवर खूश होतो. दाराच्या एका बाजूला ती शांती आणि दुसऱ्या बाजूला ते पोर. मधे जेमतेम तीन हातांचे अंतर.

ही हकिगत मी दोघा-तिघा स्नेह्यांना सांगितली. सर्वांनी एकच शब्द दिला: समतोल. योग, बाग आणि संसार यांचा समतोल साधला पाहिजे म्हणे. एकाने तर वेळापत्रकच आखून दिले. परंतु तराजूत घातलेली वस्तू निदान पारड्यात स्वस्थ पडून राहते. पाणी, झाड आणि मूल यांपैकी एकही स्वस्थ राहत नाही. शिवाय त्या तराजूची दांडी कोणाच्या हातात असते, हे कोणी विचारीत नाही. माझा पाऊण तास आकाशातून पडलेला नव्हता. तो कोणाच्या तरी झोपेतून कापून आलेला होता. पत्नीला गाण्याची आवड होती. लग्नानंतर काही महिने ती पेटी घेऊन बसत असे. तिला कोणी बंदी केली नाही. तिच्यासाठी दार लावून घेणारे मात्र घरात कोणी नव्हते. पेटी आता माळ्यावर आहे.

या गावात राहून अशा वेळी सिद्धेश्वरांची आठवण न होणे कठीण. बाराव्या शतकातले हे सिद्धराम. ग्रामदैवत म्हणून आम्ही त्यांना पूजतो, आणि कन्नड वचनसाहित्य त्यांना शिवशरणांत मोठे स्थान देते. त्यांनी येथे तळे खणविले आणि नगराभोवती 68 लिंगे स्थापिली. त्यांची एक आख्यायिका सोलापुरातले पोरही सांगू शकते. एक कुंभारकन्या त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करीत असे. तिने त्यांच्याशी विवाहाची इच्छा सांगितली. आपण योगी, विवाह करणे शक्य नाही, असे ते म्हणाले. पण तिची निष्ठा पाहून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्याची अनुमती दिली. अजून दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत ते लग्न लागते. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त सात उंच नंदीध्वज पेलीत निघतात, संमती कट्ट्यावर हजारो माणसे अक्षता टाकतात, आणि पुढल्या दिवशी होम होतो. त्या होमात कुंभारकन्येची प्रतिमा अग्नीला अर्पण करतात.

लहानपणापासून मी वडिलांच्या खांद्यावर बसून अक्षता टाकल्या आहेत. त्या घटकेला अंगावर येणारा काटा अजून तसाच येतो. कथेचा अर्थ भक्तीचा आहे हेही मी जाणतो. पण पायाला पट्टी बांधलेल्या मुलाकडे पाहताना ती कथा मला निराळ्या बाजूने दिसू लागली. योग्याने दंड दिला, आणि कन्येने दंडाशी संसार मांडला. योग अभंग राहिला. अग्नी तिच्या वाट्याला आला. तरीही सिद्धरामांच्या वागण्यात एक लखलखीत प्रामाणिकपणा आहे. त्यांनी सांगून दंड दिला. आपल्याला काय मिळते आहे हे त्या मुलीला ठाऊक होते. माझे तसे नाही. मी बोहल्यावर स्वतः उभा राहिलो होतो, अंतरपाट दूर झाल्यावर हसलोही होतो, आणि मग पुढे केव्हातरी, कोणाला न सांगता, घरात माझा दंड पाठवू लागलो. मुलाचा गृहपाठ घेताना दंड बसे, जेवताना दंड जेवी. मी मात्र पहाटेच्या पाऊण तासाच्या आठवणीत किंवा प्रतीक्षेत असे. बागेतही तसेच, वेलाला आधार बांधताना मुलगी काय विचारते याला मी ‘हं’ म्हणत असे. ‘हं’ हे दंडाचेच बोलणे.

मी हे अंमळ वाढवून सांगतो आहे, असे वाचकांना वाटेल. माझ्या बाजूनेही एक मुद्दा आहे, आणि तो खोटा नाही. तो पाऊण तास मिळाला नाही त्या दिवशी मी संध्याकाळी मुलांवर ओरडतो. माझ्या शांतीचा लाभ घरालाही होतो. पण या मुद्द्याची मला अलीकडे धास्ती वाटते. आपल्या सुखात घरच्यांचे भले शोधून काढणे हे माणसाच्या बुद्धीला फारच सोपे जाते.

पुण्यात 1937 साली आलेले बी. के. एस. अय्यंगार हे संसारी योगी. पाच मुली, एक मुलगा; त्यांतले गीता आणि प्रशांत पुढे स्वतः योगाचे शिक्षक झाले. पत्नी रमामणी 1973 मध्ये वारल्या, आणि 1975 मध्ये पुण्यात जी संस्था सुरू झाली तिला त्यांचेच नाव आहे. त्या घरातले दिवस कसे गेले असतील यावर मी बोलणे योग्य नव्हे. पण त्या नावाजवळ मी थबकतो. जमाखर्चातली खर्चाची बाजू एरवी कोणी दारावर लिहीत नाही.

आमच्या शेजारी एक वयस्कर अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू. पान मापाने कातरायचे, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजारावर ठरते, त्यामुळे त्या सकाळी बसतात त्या दिवस कलेपर्यंत. 2015 पासून 21 जूनला जगभर योगदिन होऊ लागला. अशाच एका योगदिनी मी सतरंजी काखेत मारून मैदानावरून परतत होतो. “काय शिकवलेत सायेब?” त्यांनी विचारले. मी सांगितले, मांडी घालून, कणा ताठ ठेवून, स्थिर कसे बसायचे ते. अक्का सुपावरून मान वर न करता म्हणाल्या, “बसायला बी शिकवायलेत व्हय?” त्यांच्या मनात टोमणा नसावा. त्यांना खरेच नवल वाटले होते.

‘खंड’ या शब्दाने मात्र मला सोडले नाही. मग एकदा बागेतच काही सुचले. बागेला कष्ट करणारे लोक सहसा तिच्यापासून धीर शिकलो असे सांगतात. मला धीर काही शिकता आला नाही. पण एवढे दिसले की नळाच्या लहरीपायी मी कधी पहाटे, कधी रात्री अकराला झाडांना पाणी घालीत आलो, आणि तरी बागकामात खंड पडला असे मला एकदाही वाटले नाही. मग योगातच का वाटावे? ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात अल्लमप्रभू सोलापूरला येतात तो प्रसंग आहे. सिद्धराम तळे खणविण्यात गुंतलेले. अल्लम त्यांना दगड फोडणारा वड्डर म्हणून हिणवतात, आणि चिडलेले मजूर अल्लमांवर दगड घेऊन धावतात. बाहेरचे काम हा योगच आहे, ही सिद्धरामांची धारणा. आतली दृष्टी उघडली नाही तर ते नुसते माती उपसणे, हे अल्लमांचे बोलणे. ग्रंथात अल्लमांचे बोलणे वरचढ ठरते आणि सिद्धराम त्यांच्यासह कल्याणला जातात. मी अजून कोणाचीही बाजू घेऊ शकलेलो नाही. तळ्याकाठी संध्याकाळी बसलो की सिद्धरामांचे पटते. कारण पाणी समोर दिसते. पहाटे डोळे मिटले की अल्लमांचे.

आता मी दार उघडे ठेवतो. पाणी आले की उठतो. रात्रीच्या भरण्याची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. पेटी माळ्यावरून खाली काढली, तिचे दोन सूर बसले होते, ती दुरुस्तीला दिली आहे. एक कबूल केले पाहिजे: उघड्या दाराचा योग बंद दाराइतका चांगला होत नाही. श्वास जरा स्थिरावतो तोच धाकटी येऊन पोटावर बसते. ते निवांतपण गेले, आणि ते गेल्याचे मला वाईट वाटते. त्याच्या बदल्यात काही मोठे मिळाले असे म्हणून मी स्वतःची समजूत घालणार नाही.

मोगऱ्याची मुळे दुखावली होती. दुसऱ्या कुंडीत लावल्यावर महिनाभर तो पानेही धरीना. मग मृगाच्या पावसानंतर फुटला. मुलगा त्याला रोज पाणी घालतो. सकाळी काही विचारायचे असले की तो माझ्या खोलीशी येतो. दार सताड उघडे असते, मी समोरच सतरंजीवर असतो. तरी तो उंबऱ्याबाहेर थांबतो आणि त्या उघड्या दारावर बोटाने हळूच टकटक करतो.