प्रतिकाराची मात्रा

गुलबर्ग्याच्या काळ्या जमिनीत रब्बीला करडई आणि जवस ही दोन्ही तेलबिया पिके येतात. परंतु पहिल्याच्या तेलात साधारणतः ७५ टक्के लिनोलेइक आम्ल, तर दुसऱ्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. करडईच्या तेलाची फोडणी आणि ज्वारीच्या भाकरीवरची जवसाची चटणी यांतून पोटात गेलेला हा स्निग्धांश केवळ इंधन म्हणून जळून जातो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः त्याचा काही भाग पेशींच्या आवरणात सामावतो, आणि जंतूंच्या विषाला शरीराने कितपत तीव्र उत्तर द्यावे, या प्रश्नाच्या निकालात त्याचाही अंमल चालतो.

जंतू मेल्यावरही त्याच्या देहात उरणारे, उष्णतेला दाद न देणारे विष रिखार्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास पटकीच्या जंतूंत ओळखले. या अंतर्विषाची चाहूल भक्षकपेशींना ज्या ग्राहीमुळे लागते, त्या टीएलआर-४ चा छडा ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये लावला. विषापेक्षाही, ते ओळखून खवळलेल्या पेशींनी सोडलेल्या टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ या द्रव्यांचा अतिरेकच रक्तदाब कोसळवून रोग्याचे प्राण संकटात घालतो. त्यातही, लसीकापेशींकडून इंटरफेरॉन-गॅमाची ताकीद अगोदर पोहोचली असेल, तर विषाचा अल्प अंशही भक्षकपेशीला प्रक्षुब्ध करण्यास पुरतो.

आहाराचा प्रभाव १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसला: नऊ निरोगी स्वयंसेवकांनी सहा आठवडे रोज १८ ग्रॅम माशाचे तेल घेतल्यावर, त्यांच्या रक्तपेशी अंतर्विषाच्या संपर्कात आणल्या असता त्या टीएनएफ व इंटरल्यूकिन-१ ही दोन्ही द्रव्ये पूर्वीपेक्षा कमी निर्माण करू लागल्या. तथापि एक तेल मित्र आणि दुसरे शत्रू, अशी सरसकट वाटणी करणे अन्यायाचे होईल; कारण लिनोलेइक आम्लाच्याच वंशातून उपजणारे प्रोस्टाग्लँडिन-ई२ दाह वाढवते, तसेच टीएनएफच्या निर्मितीला लगामही घालते; आणि जवसातील आम्लाचे माशाच्या तेलातील आम्लांत रूपांतर शरीर अत्यल्प प्रमाणातच करते.

म्हणून जवसाच्या चटणीला औषधाची सनद देऊ नये. रक्तात जंतुदोष पसरलेल्या रोग्याला तातडीने प्रतिजैविकच हवे. मात्र आरोग्य म्हणजे शत्रूचा निःपात एवढेच नसून प्रतिकाराची योग्य मात्रा राखणे होय, हे एकदा पटले, की आपल्या ताटातील तेलांचे सूक्ष्म संशोधन हा वैद्यकाचा गौण विषय राहत नाही.