न पाहिलेल्या रोग्यासाठी

शेजारच्या मुलाच्या मेंदूत गाठ निघाली असे कळले, की आपल्याकडे अख्खी सोसायटी धावून जाते. रातोरात पैसे जमतात, कोणी रक्त देतो, कोणी डबा पोचवतो. हा आपला मोठा गुण आहे. पण त्याच गाठीवर उद्या औषध सापडावे म्हणून आज संशोधनाला शंभर रुपये द्या, असे सांगणारा दारात आला, तर ‘सरकार आहे ना त्यासाठी’ म्हणून आपण त्याची बोळवण करतो. रोगी समोर असला की दया येते, तो अजून आजारी पडायचा असला की हिशेब आठवतो. चार मित्रांनी मिळून संशोधनासाठी पैसे जमवायला धावायचे ते ही सवय मोडण्यासाठी.

ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूच्या कर्करोगाचा अत्यंत आक्रमक प्रकार. त्याच्या पेशी निरोगी भागात पसरतात, त्यामुळे सर्जनला सगळा रोग कापून काढता येत नाही. घातक द्रव्ये मेंदूत शिरू नयेत म्हणून शरीराने बसवलेला पहारा बहुतेक औषधांनाही आत सोडत नाही. २००५ साली ५७३ रुग्णांच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या रेडिएशनऐवजी त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुष्य १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप? पण दोन वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात दहावरून सव्वीसवर गेले होते. संशोधन असेच पुढे सरकते, आणि प्रत्येक पावलाला पैसा लागतो.

तो पैसा थेंबाथेंबाने जमतो. हाडाच्या कर्करोगात उजवा पाय गमावलेला टेरी फॉक्स १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला. प्रत्येक कॅनेडियनाने संशोधनासाठी एक डॉलर द्यावा, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसात पोचला आणि त्याला थांबावे लागले. पुढच्या वर्षी, बावीस वर्षांचा असताना, तो गेला. त्याआधी देशाच्या लोकसंख्येइतके, दोन कोटी चाळीस लाख डॉलर जमले होते. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचे कारण नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. जो उद्योग अजून जन्मलाच नव्हता, त्यासाठी मराठी माणसाने गाठीचा पैसा सोडला होता.

‘मग सरळ पैसे द्या, पळायचे कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. द्या ना! पण आपण एकटे देऊ ते आपल्या खिशाएवढे. धावणारा मात्र दहा घरी जातो, ‘मी इतके किलोमीटर पळतोय, तुम्ही काय देता?’ असे विचारतो आणि त्या निमित्ताने आजाराचे नाव दिवाणखान्यात उच्चारले जाते. त्याची गरज आहे. मेंदूतल्या गाठीची पहिली खूण कधी कधी फिट असते, आणि आपल्याकडे फिट आली की आजही कोणी कांदा नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावतो. यात जाणारे आठवडे कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत. मित्रांचे टोळके सोबत असले की मागायची लाज गळते, आणि उशिरा उठणाराही सरावाला हजर राहतो.

मात्र टी-शर्ट, मेडल आणि फोटो एवढ्यावर दौड संपली, तर ती आपलीच हौस. प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. तिच्यातून रस्त्याचा बंदोबस्त, पाणी, मंडप यांचा खर्च भागतो. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना विचारा: शंभरातले किती रुपये संशोधनाला जातात, कोणत्या प्रयोगशाळेला, आणि त्याचा हिशेब कधी मिळेल? उत्तर धड मिळाले नाही, तर मित्रांनी आपली दौड आपण आखावी आणि जमलेली रक्कम थेट संशोधन करणाऱ्या संस्थेला देऊन पावती प्रत्येक देणगीदाराला पाठवावी. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आपण फळ्यावर लावतो. तीच शिस्त इथे पाळली, तर पुढच्या वर्षी पुन्हा मागायला तोंड राहील. एका वर्षाच्या देणगीने प्रयोगशाळा चालत नाही, म्हणून दरवर्षी मागावेच लागेल.