दारचा काळ्या

सज्जनहो, श्रीनामदेवरायांच्या चरित्रातील कुत्र्याचा प्रसंग आम्ही गेली चाळीस वर्षे कीर्तनातून सांगत आलो. कुत्र्याने भाकरी पळविली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की देवा, कोरडी कशी खाशील! इथे आयाबाया डोळ्याला पदर लावतात, टाळकऱ्याचा ठेका चुकतो. पण याच कथेपायी आमच्या घरी काय घडले, ते आम्ही गादीवर उभे राहून कधी सांगितले नाही. आज लिहितो.

सन १९९६ चा श्रावण. आमचे धाकटे चिरंजीव तेव्हा दहा वर्षांचे. एस. टी. स्टँडामागून भिजलेले कुत्र्याचे पिल्लू गोणपाटात गुंडाळून घरी घेऊन आले. आम्ही स्पष्ट ‘नाही’ म्हटले. कारणे खोटी नव्हती. घरात सोवळे. आम्ही वर्षातले आठ महिने सप्ताहांना बाहेर. म्हणजे कुत्र्याचे करायचे ते घरच्या माउलीने. शिवाय मनात एक जुने भय होते. पाठशाळेतला आमचा एक सहाध्यायी कुत्रे पिसाळून चावल्याने गेला. पाण्याचा पेला पुढे केला की त्याचा घसा आवळायचा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. त्या काळी कुत्रे चावले की पोटात चौदा सुया, त्या भीतीने माणसे दवाखान्यातच जात नसत. (आता ती लस राहिली नाही, दंडात देतात. चावल्याबरोबर जखम पाव तास साबणपाण्याने धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. अंगारे-धुपाऱ्यावर कोणी विसंबू नये.)

मुलाने वाद घातला नाही. एवढेच विचारले, “अण्णा, तुपाची वाटी नको, पण भाकरी तरी देऊ ना?”

आता याला कोणते शास्त्र सांगावे? सौभाग्यवती आतून म्हणाल्या, “अहो, राहू दे. रंगाने तर पांडुरंगच आहे.” नाव पडले काळ्या. आम्ही तीन अटी घातल्या. कुत्र्याने उंबरा ओलांडायचा नाही. तीन महिन्यांचे झाले की गुरांच्या दवाखान्यात नेऊन रेबीजची सुई, आणि पुढे दरसाल. घाण मुलाने काढायची. पहिली अट कुत्र्याने पाळली, दुसरी आम्ही. तिसरी पंधरा दिवस मुलाने आणि पुढे कोणी, हे घरोघरच्या माउली जाणतात.

कार्तिकीची वारी करून आम्ही परतलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. वारीचे मावंदे होते. पुरणाचा नैवेद्य ताटात वाढून माजघरात झाकून ठेवला होता. आम्ही स्नान करून येतो तो झाकण एकीकडे, पोळी गेलेली, ताट लवंडलेले. बाहेर अंगणात काळ्या बसलेला. आम्ही कोपऱ्यातली काठी घेतली आणि तीन तडाखे ओढले. ते भुंकले नाही, उठलेही नाही. बसल्या जागी मुतले.

इतक्यात सौभाग्यवती धावत आल्या. “अहो, मांजर होती! परसदारातून मीच आत्ता हाकलली.” आम्ही खाली पाहिले. अंगण नुकते सारवलेले. ओल्या सारवणावर घराकडे जाणारे एकही पाऊल नव्हते.

सज्जनहो, श्रीमहाभारताचे आदिपर्व आम्ही गुरुजींपुढे बसून वाचले आहे. जनमेजयाचे कुरुक्षेत्री सत्र चालले असता सरमेचे पिल्लू तिथे आले आणि राजाच्या भावांनी त्याला बडविले. ते रडत आईकडे गेले. आई म्हणाली, तू काही तरी आगळीक केली असशील. ते म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, चाटलेही नाही. तेव्हा सरमा सत्रात जाऊन उभी राहिली आणि विचारती झाली, माझ्या लेकराला का मारले? एवढी सभा भरलेली, पण कोणाला उत्तर आले नाही. मग तिने शाप दिला, निरपराध्याला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. महाभारत या मारलेल्या कुत्र्यापाशी उघडते आणि शेवटाला धर्मराज कुत्र्याला टाकून स्वर्गात शिरत नाही. दोन्ही टोके आम्हाला पाठ होती. काठी उचलताना एकही आठवले नाही.

वळून पाहतो तो मुलगा तुळशीपाशी उभा. तो बोलला असता तर बरे होते. जनमेजयाला पापशमनासाठी पुरोहित तरी शोधता आला. आम्ही कोणाला शोधणार?

पंगत उठल्यावर आम्ही भाकरी घेतली, तुपाची वाटी घेतली आणि अंगणात गेलो. हो, तुपाचीच. काळ्या कडब्याच्या गंजीमागे शिरला. नामदेवरायांचे कुत्रे भाकरी घेऊन पळाले. आमचे आम्हाला पाहून पळाले. भाकरी दगडावर ठेवून आलो. सकाळी मुंग्या लागल्या होत्या.

त्याने आमच्या हातचे खाल्ले ते मार्गशीर्ष सरताना. तोवर रोज ठेवीत होतो. मुलगा शाळेत जाताना दगडाकडे पाहून जाई, बोलत नसे. ज्या दिवशी काळ्याने हातातून तुकडा घेतला त्या दिवशी चिरंजीव म्हणाले, “अण्णा, त्याला डाव्या कानामागे खाजवा, तिथे आवडते त्याला.” खाजविले. मग पुन्हा स्नान केले. उगाच खोटे कशाला लिहा.

काळ्या २००८ साली गेला. तेच चिरंजीव आता पुण्यास असतात. त्यांचे कुत्रे घरात गादीवर झोपते, हे आम्हाला पसंत नाही आणि तसे आम्ही सांगितलेही आहे. आम्ही गेलो की ते पायाशी येऊन बसते. पूजेआधी आम्ही त्याला अजून शिवत नाही. पूजा झाली की शिवतो.