‘हे खरे आहे का?’ : ऐतिहासिक कादंबरीकाराचे उत्तरदायित्व

ऐतिहासिक कादंबरीचा विचार मराठी समीक्षेने प्रामुख्याने दोन अंगांनी केलेला आहे. ऐतिहासिक सत्य आणि कलात्मक सत्य यांचा परस्परसंबंध हे एक अंग; इतिहासाच्या आवरणाखाली जोपासली गेलेली रंजनप्रधानता हे दुसरे. दोन्ही विचारांत कादंबरी ही एक सिद्ध झालेली संहिता म्हणून अभ्यासकासमोर असते. ती प्रसिद्ध झाल्यानंतर लेखक वाचकांना जी उत्तरे देतो, ती मात्र वाङ्मयबाह्य म्हणून बाजूला ठेवण्याची रीत आहे. व्याख्यानमालेच्या अखेरीस चिठ्ठ्यांवर लिहून येणारे प्रश्न, प्रकट मुलाखतीतील शंका, वाचकांची पत्रे या सामग्रीकडे समीक्षकाने कुतूहलापलीकडे पाहू नये, असा एक अलिखित संकेतच झाला आहे. परंतु ऐतिहासिक कादंबरीपुढील नैतिक प्रश्न नेमका याच ठिकाणी उघडा पडतो. ‘हे खरे आहे का?’ हा वाचकाचा प्रश्न भाबडा वाटला, तरी या वाङ्मयप्रकाराच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे.

या प्रश्नाला रूढ उत्तरे दोन आहेत. कादंबरीकार आपल्या संशोधनाकडे बोट दाखवतो : दफ्तरे चाळली, बखरी तपासल्या, गडकोट पायी हिंडून पाहिले. किंवा तो कलेच्या स्वातंत्र्याचा आश्रय घेतो : ही अखेर कादंबरी आहे, इतिहासग्रंथ नव्हे. दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे सयुक्तिक आहेत. पहिले उत्तर देणारा पुराव्याची शिस्त स्वीकारतो. दुसरे देणारा ती नाकारून कल्पिताची जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. अडचण उद्भवते ती एकच लेखक सोयीप्रमाणे दोन्ही उत्तरे वापरू लागतो तेव्हा. पुस्तक विकताना संशोधन आणि आक्षेप आल्यावर कल्पना, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. प्रामाण्य उसने घ्यावयाचे आणि परतफेडीच्या वेळी ते आपण घेतलेच नव्हते असे म्हणावयाचे, यालाच येथे अप्रामाणिकपणा म्हटले आहे. कल्पना करण्याला नव्हे.

कादंबरीच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या संदर्भग्रंथांच्या यादीकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्रबंधातील यादी लेखकाला बांधून ठेवते, कारण प्रत्येक विधानामागचे पान तिच्या आधारे तपासता येते. कादंबरीतील यादी उलट लेखकाला मोकळे करते. कोणते वाक्य कोणत्या पत्रातून आले आणि कोणते लेखकाच्या मनातून, हे तिच्यावरून कळण्याचा मार्ग नसतो. कळते ते एवढेच, की लेखकाने पुष्कळ वाचले आहे. वाचकाच्या मनावर मात्र तिचा परिणाम मुद्रांकित कागदासारखा होतो.

या पेचाची सर्वांत कठोर मांडणी ज्याने केली तो स्वतः एक थोर ऐतिहासिक कादंबरीकार होता. इटालियन लेखक आलेस्सांद्रो मान्झोनी याची सतराव्या शतकातील मिलान परिसरावरची कादंबरी १८२७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १८५० मध्ये ऐतिहासिक कादंबरीविषयीचा त्याचा निबंध आला. त्यात तो दोन प्रकारच्या वाचकांच्या तक्रारी मांडतो. एकाचे म्हणणे असे, की इतिहास कोणता आणि कल्पित कोणते हे वेगळे न केल्यामुळे आपली फसगत होते. दुसऱ्याचे म्हणणे असे, की ते वेगळे करून दाखवले की कलाकृतीची एकात्मता भंगते. मान्झोनीचा निष्कर्ष असा, की दोन्ही तक्रारी रास्त आहेत. म्हणजेच हा प्रकार मुळातच स्वतःशी विसंगत आहे. स्वतःच्या कीर्तीचा पाया असलेल्या वाङ्मयप्रकाराविरुद्ध असा निवाडा देणारा लेखक विरळा. त्याआधी, १८४० ते १८४२ या काळात निघालेल्या सुधारित आवृत्तीला त्याने १६३० च्या प्लेगच्या वेळी निरपराधांवर चाललेल्या खटल्याचा वृत्तान्त जोडला होता. तोही कथानकात न मिसळता, स्वतंत्र इतिहासकथन म्हणून. ज्या ठिकाणी माणसांवर खोटा आरोप लादला गेला होता, त्या ठिकाणी त्याला कल्पनेची भेसळ नकोशी वाटली असावी, असा तर्क करता येतो. वॉल्टर स्कॉटने आपल्या कादंबऱ्यांच्या १८२९ पासून निघालेल्या संग्रहित आवृत्तीला प्रस्तावना आणि टिपा जोडून वाचकांच्या शंकांना एक प्रकारे उत्तरेच दिली. पण स्कॉटचा स्वभाव समेटाचा होता, मान्झोनीचा नव्हता.

मराठीत हा प्रश्न सौम्य रूपात प्रारंभापासूनच आहे. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीचे शीर्षकच लोकस्मृतीत शिवाजी महाराजांचे उद्गार म्हणून स्थिरावले आहे. सभासदाच्या बखरीतील उद्गार अर्थाने जवळचे आहेत, परंतु त्यांत सिंह नाही. तेथे गडाचीच गडाशी तुलना आहे. शिवाय तानाजीची मोहीम १६७० मधील असून सिंहगड हे नाव १६६३ च्या पत्रव्यवहारातच आढळते, त्यामुळे तानाजीवरून गडाचे नाव पडले ही समजूतही टिकत नाही. तथापि यात कोणाचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. एका वीराच्या मरणाला भाषेने अधिक चांगले वाक्य दिले, इतकेच. ‘स्वामी’ (१९६२) मधील माधवराव आणि रमाबाई यांचे एकान्तातील संवाद कोणत्या दफ्तरात आहेत असे विचारणारा वाचकही फारसा आढळणार नाही. आढळला तर ‘ते कल्पिलेले आहेत’ एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे.

म्हणजे कल्पिताचे प्रमाण किती यावर नैतिक भार ठरत नाही. तो ठरतो काय कल्पिले यावर. एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीच्या ठायी कोमलता कल्पिणे आणि तिच्या माथी अपराध कल्पिणे या समान क्रिया नव्हेत. पहिलीत लेखक मौनाला शब्द देतो. दुसरीत तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि साक्षीदाराला ‘ही तर कादंबरी आहे’ असे म्हणण्याची मुभा नसते. गौरवही सर्वस्वी निरुपद्रवी असतो असे नाही. परंतु आरोपाला गौरवापेक्षा अधिक पुरावा हवा, हे तारतम्य सामान्य व्यवहारातही सर्वमान्य आहे.

वाळूजसारख्या गावी हे तारतम्य पुस्तकी राहत नाही. औरंगाबादहून अहमदनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. १९८० नंतरच्या औद्योगिक वसाहतीने आणि बजाजच्या कारखान्याने त्याचे रूप पालटले. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेला तरुण कामगार येथे स्थायिक झाला. मागे राहिलेल्या गावच्या आठवणीपेक्षा शालेय पुस्तक, कादंबरी आणि चित्रपट यांतूनच इतिहास त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक. या परिसरात त्या इतिहासाच्या खुणाही पावलोपावली आहेत. मलिक अंबरने वसवलेली खडकी, औरंगजेबाने तिला दिलेले नाव, २०२३ मध्ये झालेले छत्रपती संभाजीनगर हे नामांतर आणि थोड्याच अंतरावर खुलताबाद. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगर येथे मरण पावला व त्याचे दफन खुलताबादेत झाले. ही दोन ठिकाणे ज्या वाचकाच्या नित्याच्या प्रवासाच्या दोन टोकांना आहेत, त्याने कादंबरीकाराला ‘बादशहाचा जनाजा आमच्या गावावरून गेला काय?’ असे विचारले, तर तो प्रश्न पांडित्याचा नसून शेजाराचा आहे.

अशा वाचकाच्या हाती एकाच बादशहाची दोन चित्रे मराठी कादंबरीनेच ठेवलेली आहेत. ना. सं. इनामदारांच्या ‘शहेनशहा’मध्ये औरंगजेब कथानकाच्या केंद्रस्थानी आहे, शिवाजी सावंतांच्या ‘छावा’मध्ये (१९७९) तो नायकाचा वैरी आहे. दोन्ही लेखक अभ्यासू, दोन्ही कादंबऱ्या लोकप्रिय. खरे चित्र कोणते, असे विचारणाऱ्याला दृष्टिकोनाच्या सापेक्षतेचा सिद्धान्त ऐकवणे सोपे आहे, पण ते उत्तर नव्हे. उत्तर द्यायचे तर कोणत्या साधनांना किती वजन दिले आणि कोठे ती बाजूला ठेवली, हे सांगावे लागेल.

‘छावा’ची पार्श्वभूमी या संदर्भात उद्बोधक आहे. बखरींनी आणि नाटकांनी रूढ केलेली संभाजी राजांची स्वैर प्रतिमा वा. सी. बेंद्रे आणि कमल गोखले यांच्या संशोधनाने खोडून काढली; ते संशोधन घरोघर पोहोचवण्यात सावंतांच्या कादंबरीचा वाटा मोठा आहे. संशोधनाचा वाहक म्हणून ऐतिहासिक कादंबरी काय करू शकते, याचे हे उत्तम उदाहरण. जुन्या प्रतिमेची शिक्षा मात्र भलत्याच वेळी दिली गेली. ‘राजसंन्यास’ या अपूर्ण नाटकासाठी राम गणेश गडकरी यांचा पुण्याच्या संभाजी उद्यानातील पुतळा जानेवारी २०१७ मध्ये उखडून नदीत टाकण्यात आला. नाटककाराला जाऊन तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. विचारणारे जिवंत होते, उत्तर देणारा नव्हता.

सावंतही २००२ मध्ये निवर्तले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट आला आणि शिर्के घराण्याच्या वंशजांनी पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला. दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी राजे पकडले गेले, त्यापूर्वी शत्रूला वाट कोणी दाखवली, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कथानकाला अनिश्चितता मानवत नाही. त्याला फितुराचा चेहरा हवा असतो. त्यानंतरच्या मार्चमध्ये खुलताबादची कबर हटवण्याच्या मागणीने जोर धरला, नागपुरात हिंसाचार झाला, आणि या चित्रपटाने लोकभावना प्रज्वलित केल्याचे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात मोगली खजिन्याच्या आशेने लोक रात्री शेते उकरू लागल्याच्या बातम्याही त्याच दिवसांतल्या. चित्रपटाचे दायित्व कादंबरीवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण कादंबरी पुढच्या माध्यमाला ‘आधार’ म्हणून उपयोगी पडते ती तिच्या संशोधनाच्या लौकिकामुळेच, हेही नाकारता येत नाही.

कलाकृतीच्या स्वायत्ततेचा पक्ष येथे हरकत घेईल. मर्ढेकरांपासून मराठी सौंदर्यविचाराने कलाकृतीला बाह्य सत्याच्या कसोटीतून सोडवण्याचा जो प्रयत्न केला, तो या युक्तिवादाने धुळीस मिळतो, असे त्याचे म्हणणे असेल. ही हरकत गंभीर आहे, पण ती चुकीच्या दाराशी आलेली आहे. स्वायत्तता कृतीची असते. तिच्या प्रस्तावनेची, मलपृष्ठाची आणि व्यासपीठावरील उत्तरांची नसते. जो लेखक आपल्या नायकाचे नाव इतिहासातून घेत नाही, त्याला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. खरे नाव घेताच कृती एका सामायिक स्मृतीत प्रवेश करते, आणि त्या स्मृतीचे इतर वाटेकरी प्रश्न विचारण्यास अधिकारी ठरतात. त्यांच्या प्रश्नाला धमकीचे रूप येते तेव्हा लेखकाच्या पाठीशी उभे राहणे समीक्षेचे कर्तव्य आहे. पण धमकीचा निषेध म्हणजे प्रश्नाचे उत्तर नव्हे, आणि मराठीत या दोहोंची वारंवार गल्लत झालेली आहे.

प्रामाणिक उत्तराचा एक नमुना मराठवाड्याच्या वाचकाला जवळचा आहे. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ (१९६८) या कादंबरीला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. त्यात शिवचरित्राची साधने, त्यांतील विसंगती आणि अवतारकल्पनेपलीकडे एक माणूस म्हणून शिवाजी समजून घेण्यातील अडचणी यांची चर्चा आहे. कादंबरीकाराला जे प्रश्न वाचक मागाहून विचारणार, ते येथे कादंबरीच्या उंबरठ्यावरच उभे केलेले आहेत; आणि ते गौरवपर शब्दांच्या जागी आपल्या ग्रंथात येऊ देण्याइतका मोकळेपणा देसाईंपाशी होता. त्यानंतर येणाऱ्या कथानकाने त्या सर्व प्रश्नांना न्याय दिला आहे असे नाही. पत्रातील चिकित्सा आणि कादंबरीतील भावमयता यांच्यात अंतर पडलेले आहे. ते झाकण्याचा प्रयत्न मात्र ग्रंथरचनेत दिसत नाही. पत्र ओलांडून थेट पहिल्या प्रकरणाला हात घालणारा वाचक पुष्कळ आहे. पुस्तक मिटल्यावर शंका घेऊन जो मागे येतो, त्याला ते पत्र त्याच जागी सापडते.